आठ आण्यांचे एक पुस्तक

पदरचे पैसे घालून पुस्तक छापणाऱ्याकडे आपला समाज काहीशा कीव करणाऱ्या नजरेने पाहतो. मालवण तालुक्यातील कट्ट्यासारख्या बाजारपेठेच्या गावी एखाद्या निवृत्त शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून काव्यसंग्रह छापला, तर प्रकाशन समारंभास गाव लोटतो; पुढे आठ दिवसांत उरलेल्या प्रती माळ्यावर चढतात आणि लग्नामुंजीत आहेर म्हणून संपतात. ज्याला प्रकाशक मिळाला नाही तोच स्वतः छापतो, हा समज अशा अनुभवांतूनच दृढ झाला आहे. तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु ज्या पुस्तकाने हिंदू समाजव्यवस्थेच्या चर्चेस विसाव्या शतकात निराळे वळण दिले, त्याच्या पहिल्या आवृत्तीचा खर्च लेखकाने स्वतः सोसला होता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना प्रकाशक मिळत नव्हते, असे मुळीच नाही. ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा अर्थशास्त्रीय ग्रंथ १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग या नामांकित संस्थेने प्रसिद्ध केला आणि प्रा. एडविन कॅनन यांनी त्यास प्रस्तावना लिहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवहारावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली त्याच संस्थेने काढला. छपाईशिवाय विद्वत्तेचेही अडते, हा धडा मात्र त्यांना तेव्हाच मिळाला होता. कोलंबिया विद्यापीठाच्या नियमानुसार प्रबंधाच्या छापील प्रती सादर केल्याविना पदवी मिळत नसे. बाबासाहेब १९१६ सालीच न्यूयॉर्क सोडून गेले होते. डॉक्टरेट त्यांच्या हाती पडली ती १९२७ साली.

मायदेशी परतल्यावर प्रश्न निराळा झाला. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि ज्यांच्यापाशी छापखाने होते त्यांना ते लेखन नको होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या बळावर. पैसे घेऊन त्याची साधी जाहिरात छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. स्वतः छापणाऱ्याची खरी अडचण इथे दिसते. कागद आणि शाई उसनवारीने मिळू शकते. पण पुस्तक निघाले आहे ही वार्ता वाचकापर्यंत नेणारी वाट दुसऱ्याच्या मालकीची असते. ‘मूकनायक’ तीन वर्षांत बंद पडला. १९२७ साली निघालेल्या ‘बहिष्कृत भारता’चे रकानेच्या रकाने संपादकाला एकट्याने भरावे लागले आणि १९२९ साली तोही थांबला. १९३० साली निघालेला ‘जनता’ मात्र टिकला, कारण तोवर चळवळीने स्वतःचा वाचकवर्ग उभा केला होता.

या पार्श्वभूमीवर १९३६ चे प्रकरण पाहिले पाहिजे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले होते. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा त्यांनी ऑक्टोबर १९३५ मध्ये केली होती. तरीही हे निमंत्रण आले, हे मंडळाला भूषणावह होते. भाषण इंग्रजीत तयार झाले आणि मुंबईत छापले गेले. मजकूर पाहिल्यावर मात्र मंडळाचे धैर्य खचले. वेदांच्या व शास्त्रांच्या प्रामाण्यावरील भाग वगळावा, हिंदू म्हणून हे आपले अखेरचे भाषण आहे असे सुचविणारा मजकूर काढावा, अशी विनवणी सुरू झाली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळविले. परिषद रद्द झाली. न झालेल्या भाषणाच्या छापील प्रती मात्र वक्त्याच्या घरी पडून राहिल्या आणि त्यांचा खर्चही त्याच्याच माथी आला.

याच प्रती त्यांनी मे १९३६ मध्ये, मंडळाशी झालेला सगळा पत्रव्यवहार जोडून, बाजारात आणल्या. त्यांनी त्यामागील कारणे दोन दिली. एक, आपले विचार लोकांसमोर यावेत. दुसरे, साठलेल्या प्रती निकालात निघाव्यात. इतक्या मोठ्या ग्रंथामागे माल खपविण्याचा इतका साधा हेतूही होता, हे त्यांनी लपविले नाही. किंमत ठेवली आठ आणे. दोन महिन्यांत दीड हजार प्रती संपल्या.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दीड हजार प्रतींचे आठ आण्यांप्रमाणे साडेसातशे रुपये होतात. त्यातून कागद, जुळणी, बांधणी आणि विक्रेत्याचे कमिशन वजा करावयाचे. गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून या भाषणाचा परामर्श घेतला तेव्हा किमतीलाही हरकत घेतली, ती दोन आणे, निदान चार आणे असावी, अशी सूचना केली. चार आण्यांनी ही रक्कम पावणेचारशेवर येते, दोन आण्यांनी एकशे साडेसत्त्याऐंशीवर. वाचकाच्या बाजूने गांधीजींचे म्हणणे रास्त होते, कारण गिरणीकामगाराला आठ आणे जड जाणारच. परंतु पदरमोड करणाऱ्याला एका आवृत्तीच्या पैशांतूनच दुसरीचा कागद घ्यावा लागतो, ही बाजू त्या सूचनेत आली नव्हती.

लाभाची बाजूही याच पुस्तकात पुरेपूर दिसते. गांधीजींचा आक्षेप आणि त्यास आपले उत्तर बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट केले. त्यासाठी कोणाची संमती घ्यावी लागली नाही, कोणता भाग जड होईल हे कोणाला विचारावे लागले नाही. मंडळाने मजकूर छापला असता तर तो कापूनच छापला असता. ज्या शास्त्रप्रामाण्यावर सगळा युक्तिवाद उभा आहे तेच त्यातून गेले असते. गुजराती व तमिळ भाषांतरेही लगोलग निघाली. पहिली आवृत्ती विकत घेणारे दीड हजार लोक एकाएकी उगवले नव्हते. महाडपासूनच्या दहा वर्षांच्या चळवळीने ते घडविले होते. एरवी माळ्यावर चढणाऱ्या काव्यसंग्रहात आणि या पुस्तकात गुणवत्तेइतकेच हेही अंतर आहे.

पुढे चाळीसच्या दशकात त्यांचे अनेक ग्रंथ मुंबईच्या थॅकर आणि कंपनीने काढले. कीर्ती होती, प्रकाशक तयार होता. पण आयुष्याच्या अखेरीस तीच अडचण पुन्हा उभी राहिली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा इंग्रजी ग्रंथ १९५६ साली तयार होता. छपाईस वीस हजार रुपयांच्या आसपास खर्च होता आणि तो त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. प्रथम टाटांच्या विश्वस्त निधीकडे त्यांनी मदत मागितली. सप्टेंबरमध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धाच्या २५०० व्या महोत्सवानिमित्त ग्रंथालयांसाठी व पाहुण्या विद्वानांसाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, एवढीच विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. या कामासाठी राखून ठेवलेली रक्कम संपली होती. ग्रंथ महोत्सवाच्या सुमारास दिल्लीत विक्रीस ठेवावा, अशी सूचना मात्र त्यात होती. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या पुस्तकाच्या प्रती आगाऊ खपविण्यासाठी पत्रे लिहीत होता, हे चित्र आजही अस्वस्थ करते.

महिन्याभरात नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. त्यांच्यासाठी लिहिलेला ग्रंथ तेव्हा त्यांच्या हाती नव्हता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि ग्रंथ निघाला तो १९५७ साली, त्यांनीच स्थापन केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनमालेत. इतर कितीतरी हस्तलिखिते पेट्यांतच राहिली. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने त्यांच्या लेखनाचे खंड १९७९ पासून काढण्यास आरंभ केला; त्यातील पहिल्याच खंडात आठ आण्यांचे ते भाषण पुन्हा छापले गेले.