पंडिता रमाबाई आणि मायबोलीची सेवा

देवानें मनुष्यास जिव्हा दिली, परंतु तिला पहिले शब्द शिकविण्याचें काम त्यानें आईवर सोंपविलें. म्हणून मायबोलीची लाज बाळगणें हें आईची लाज बाळगण्यासारखेंच आहे. तथापि स्वभाषेवर प्रेम करणाऱ्यानें परभाषेचा तिरस्कार करावा, असें मुळींच नाहीं. हीं दोन्ही कर्तव्यें एकाच आयुष्यांत कशीं पार पडतात, हें पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांत आम्हांस स्पष्ट दिसतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनीं ती आपल्या मुलीला दिली. भोंवतालचा मुलूख कानडी. पण घरांत आईबाप बोलत ती मराठी. ती रमाबाई कोणत्याही शाळेंत शिकल्या नाहींत. आईबापांचें बोलणें ऐकूनच शिकल्या. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर हिंडलें, तेव्हां कानडी व हिंदुस्थानी या भाषाही त्यांनीं आपल्याशा केल्या. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप निवर्तले. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री मागें राहिले.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरीं ख्रिस्ती लोकांनीं त्यांना संस्कृत बायबल दिलें. ज्यांना भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत, त्यांना हें संस्कृत परकें वाटलें, व तें पुस्तक त्यांनीं बाजूस ठेविलें. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. सिल्चर येथें घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सांपडली, आणि ती मात्र त्यांनीं आवडीनें वाचली. वाचकहो, हें लक्षांत घ्या. पंडितांच्या भाषेंतील शास्त्र हातीं येऊनही मनास भिडलें नाहीं. जें भिडलें तें घरोघर बोलल्या जाणाऱ्या भाषेंतलें होतें, आणि ती भाषा रमाबाईंची मायबोली नव्हती.

१८८२ सालीं पति पटकीनें वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षीं त्यांनीं स्त्रीधर्मनीति हें मराठी पुस्तक लिहिलें, आणि सरकारच्या हंटर कमिशनापुढें शिक्षणाविषयीं साक्ष दिली तीही मराठींत. पुढें तिचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. साहेबलोकांपुढें मराठी बोलण्याची त्यांस लाज वाटली नाहीं, आणि इंग्रजीला त्यांनीं तुच्छही लेखिलें नाहीं. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या. तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला, व इंग्रजी त्यांनीं अशी हस्तगत केली कीं १८८७ सालीं अमेरिकेंत असतां हिंदु स्त्रियांची दैना त्या भाषेंत पुस्तक लिहून जगापुढें मांडिली. मात्र अमेरिकेचें वर्णन स्वदेशीयांकरितां लिहावयाची वेळ आली तेव्हां तें त्यांनीं मराठींतच लिहिलें.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें. पुढें केडगांवीं मुक्तिसदन उभें राहिलें. १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत व गुजराथेंतून शेंकडों निराश्रित मुली तेथें आल्या. अशा अल्पशिक्षित मुलींस व खेड्यांतील बायांस चालू मराठी बायबलांतील संस्कृत शब्द कळेनात. तेव्हां उतारवयांत रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला, आणि सगळें शास्त्र सोप्या मराठींत उतरविण्याचें काम अंगावर घेतलें. केडगांवच्या छापखान्यांत मुलींनींच त्याचे खिळे जुळविले. ज्या भाषेनें त्यांना पदव्या दिल्या तिचेच जड शब्द त्यांनीं येथें आपण होऊन दूर ठेविले. त्यांना संस्कृताचा द्वेष नव्हता; शब्द ऐकून अर्थ न कळलेली बाई उपाशीच परत जाते, एवढीच त्यांची चिंता होती.

१९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. वृद्ध मातेवर हा मोठाच घाव. तरी लेखणी थांबली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूमध्यें झोंपीं गेल्या, व संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात् बाहेर पडला. मंडळ्यांत तो सर्वत्र वाचला गेला नाहीं, हें खरें. परंतु त्यामागील प्रीति व्यर्थ गेली असें आम्ही म्हणणार नाहीं.

उपदेशक बंधूंनो, आपण बोलावयास उभे राहतों तेव्हां भारी शब्दांनीं आपली विद्या दाखविण्याचा मोह कोणास होत नाहीं? अशा वेळीं शेवटच्या रांगेंत बसलेल्या म्हातारीकडे पाहावें. तिला कळलें तरच आपला उपदेश झाला. आणि शेजारीं कोणी कानडी, गुजराथी किंवा भिल्ली बोलणारें कुटुंब असेल तर त्याच्या बोलीस हंसूं नये. तिच्यांतील चार शब्द शिकून त्याची विचारपूस करावी. त्या घरचीही ती आईचीच भाषा आहे.