गरोदर बायकांना मिळणाऱ्या लाल गोळीची गोष्ट मुंबईत सुरू झाली होती

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला एक लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. यातल्या फॉलिक ॲसिडचा शोध मुंबईच्या गिरणी कामगार बायकांपासून सुरू झाला. तो सुरू करणाऱ्या डॉक्टर होत्या लूसी विल्स.

लूसींचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११ मध्ये त्या पास झाल्या, पण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. पुढे पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे त्यांनी नर्सचं काम केलं, मग लंडनला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. इथल्या गरोदर बायकांचं रक्त धोकादायक पातळीपर्यंत कमी होत होतं, काही दगावत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसायच्या.

लूसींनी या बायका काय खातात ते तपासलं. ज्यांच्या ताटात पालेभाज्या, फळं, दूध कमी, त्यांच्यात आजार जास्त. मग तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. गाभण उंदरांचं रक्त कमी झालं, आणि आहारात यीस्ट घातलं की ते टळलं.

पुढे माकडांवर प्रयोग झाले. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माईट दिलं. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून बनणारा हा स्वस्त पदार्थ, इंग्लंडात पावाला लावून खातात. माकड सुधारलं. मुंबईतल्या रुग्ण बायकांनाही गुण आला. १९३१ मध्ये लूसींनी हे जगासमोर मांडलं.

मार्माईटमध्ये नेमकं काय होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये तो घटक पालकातून वेगळा काढला गेला, आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. १९४५ मध्ये तो प्रयोगशाळेत बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता आजचा हिशोब बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला रोज २२० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं, गरोदरपणात ५७०. म्हणजे गरज अडीच पटीहून जास्त वाढते, पण ताट बहुतेक वेळा तेच राहतं. मुंबईतल्या त्या बायका याच फरकात अडकल्या होत्या. मेथी, पालक, चवळी, हरभरा यांत फोलेट असतं, पण जास्त शिजवलं की ते बरंच कमी होतं. म्हणून गोळीचा आधार लागतो.

लूसी विल्स १६ एप्रिल १९६४ ला गेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांमध्ये ॲनिमिया आढळला. यात लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे, पण मूळ दुखणं लूसींना परळमध्ये दिसलं तेच: शरीराला लागतं किती आणि ताटात पडतं किती.