विश्लेषण : मुले शाळेत येत नसतील, तर शाळाच मुलांकडे! ताराबाई मोडक यांचा प्रयोग काय होता?

दिवाळीनंतर शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. या प्रश्नाचे एक उत्तर ताराबाई मोडक यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यातच शोधले होते.

कोण होत्या ताराबाई?
जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबई. १९१४ मध्ये त्या बीए झाल्या. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिल्या, मात्र १९२१ मध्ये पतीपासून विभक्त झाल्या. १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

बोर्डीला काय घडले?
माँटेसरी पद्धत तेव्हा शहरी, पैसेवाल्या घरांपुरती होती. ती खेड्यात नेण्यासाठी १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. गरिबांची मुले तरीही येईनात, तेव्हा वर्ग वस्तीतल्या अंगणात भरू लागला. हीच अंगणवाडी.

कुरणशाळा म्हणजे काय?
१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. तिथे मुले गुरे राखत, मुली धाकटी भावंडे सांभाळत. म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. भावंड पाळणाघरात राहिले, की थोरली वर्गात बसू शके.

सरकारने काय घेतले?
१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राने सुरू केलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रे आज अंगणवाडी म्हणूनच ओळखली जातात.

आज त्याचे महत्त्व काय?
६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत, सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरितांच्या मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. पण पटावर नाव असणे म्हणजे मूल वर्गात असणे नव्हे. घरच्या कामाचे वेळापत्रक पाहून शाळेचे वेळापत्रक ठरवावे, हा ताराबाईंचा धडा भट्टीवरच्या मुलांसाठी अजून पुरता गिरवलेला नाही.