विश्लेषण : उंदरांवरचा प्रयोग खरा, माणसांवरचा दावा फोल! कोण होते ऑयगेन श्टायनाख?

नर उंदीर मादीच्या मागे का धावतो? दुसऱ्या नराशी का झटापट करतो? यामागे रक्तात मिसळणारे एक रसायन आहे, हे प्रयोगाने दाखवणाऱ्यांत ऑस्ट्रियाचे ऑयगेन श्टायनाख अग्रणी होते. शंभर वर्षांपूर्वी युरोपभर गाजलेले हे नाव पुढे मागे का पडले?

सुरुवात कशी झाली?

श्टायनाख यांचा जन्म १८६१ मध्ये होहेनेम्स येथे एका ज्यू डॉक्टरांच्या घराण्यात झाला. वैद्यकीय पदवीनंतर ते प्रागमध्ये संशोधन करू लागले. वीर्याच्या पिशव्या भरल्या की नराची कामेच्छा जागी होते, असा एक समज तेव्हा होता. १८९४ मध्ये त्यांनी उंदरांच्या या पिशव्या काढून टाकल्या. तरीही इच्छा कायम राहिली. म्हणजे कारण दुसरीकडे होते.

निर्णायक प्रयोग कोणते?

लहानपणीच वृषण काढलेला नर मोठेपणी मादीकडे ढुंकूनही पाहत नाही. श्टायनाख यांनी अशा पिल्लांच्या पोटाच्या स्नायूंवर वृषणाचे रोपण केले. मज्जातंतूंचे मूळ जोड तुटलेले असूनही ही पिल्ले सर्वसामान्य नरांसारखी वाढली आणि वागू लागली. निरोप रक्तातून जात होता.

१९१२ मध्ये व्हिएन्नातील प्राटर उद्यानाजवळच्या प्रयोगसंस्थेत ते रुजू झाले. त्याच वर्षी त्यांचा सर्वात गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वृषण काढलेल्या नर उंदीर व गिनीपिगांमध्ये त्यांनी बीजांडकोश बसवले. या नरांचे स्तन वाढले, त्यांनी पिल्लांना जवळ घेतले आणि इतर नर त्यांना मादी समजून मागे लागले.

चूक कुठे झाली?

उंदरांवरून थेट माणसांवर उडी मारली गेली. समलैंगिकता हा ग्रंथींचा दोष आहे, असे मानून काही समलैंगिक पुरुषांमध्ये दुसऱ्याचे वृषण बसवण्यात आले. हे प्रयोग फसले; त्या पुरुषांच्या वाट्याला मात्र नाहक शस्त्रक्रिया आल्या.

पुढे शुक्रवाहिनी बांधली की संप्रेरक वाढून तारुण्य परतते, असा दावा श्टायनाख यांनी केला. १९२० च्या दशकात ही शस्त्रक्रिया फॅशनच बनली. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये, तर कवी डब्ल्यू. बी. येट्स यांनी १९३४ मध्ये ती करून घेतली. काहींना तरतरी आल्यासारखे वाटले, पण तो बहुधा मनाचा खेळ होता. आज कुटुंबनियोजनासाठी होणाऱ्या पुरुष नसबंदीतही शुक्रवाहिन्याच बंद केल्या जातात. तिने तारुण्य परतत नाही, तसेच पौरुषही कमी होत नाही.

अखेर कशी झाली?

नोबेलसाठी अनेकदा नामांकन होऊनही पुरस्कार मिळाला नाही. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा श्टायनाख स्वित्झर्लंडमध्ये होते. ते मायदेशी परतू शकले नाहीत. १९४४ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

आज विज्ञान काय सांगते?

१९३५ मध्ये वृषणातून टेस्टोस्टेरॉन वेगळे करण्यात आले आणि श्टायनाख यांच्या मूळ कल्पनेला आधार मिळाला. १९५९ मध्ये अमेरिकेत गिनीपिगांवर झालेल्या संशोधनाने त्यात भर घातली : गर्भावस्थेत मिळालेले संप्रेरक पुढच्या वागण्याचा पाया घालते, तर मोठेपणीचे संप्रेरक ते वागणे जागे करते. मात्र संप्रेरक म्हणजे विजेचे बटण नव्हे. समागमाचा अनुभव असलेला नर उंदीर वृषण काढल्यावरही काही आठवडे मादीशी समागम करू शकतो. उंदरातच अनुभवाला इतके महत्त्व असेल, तर माणसाचे वागणे एका ग्रंथीच्या खात्यावर कसे टाकणार? श्टायनाख यांनी नेमके तेच केले.