विश्लेषण : केसरबाईंचे गाणे सीडीवर ऐकावे की हाय-रेझवर?

जुन्या गायक-गायिकांची ध्वनिमुद्रणे आता हाय-रेझोल्यूशन स्वरूपातही विकली जातात, अर्थात सीडीपेक्षा महाग. पैसे वसूल होतात का? केसरबाई केरकरांचे उदाहरण पाहू.

केसरबाई कोण होत्या?

गोव्यातील केरी गावी १८९२ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने तालीम मिळाली, पुढे रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही. शिक्षण सतत तुटत राहिले. मुंबईत १९२१ पासून अल्लादिया खाँ यांची तालीम सुरू झाली, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. जयपूर-अत्रौली घराण्याचा दमसास, मोकळा आकार आणि लयीशी बांधलेल्या ताना त्यांनी वर्षानुवर्षे घोटल्या. १९४८ मध्ये कोलकात्यात सूरश्री ही पदवी, १९६९ मध्ये पद्मभूषण.

ध्वनिमुद्रणाचा मात्र त्यांना फारसा सोस नव्हता. मागे राहिल्या त्या मोजक्या तबकड्या. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात उरकावा लागे.

मग फरक कुठे पडतो?

सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटमध्ये साठवते. त्यात २० हजार हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे निरोगी तरुण कानाला ऐकू येणारा सगळा आवाज मावतो. हाय-रेझमध्ये ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नमुने आणि २४ बिट असतात. पण लाखेच्या तबकडीने मुळात त्याच्या निम्माही पल्ला जेमतेम टिपला, वर सुईची खरखर. जे तबकडीवर उतरलेच नाही, ते २४ बिट कुठून आणणार? खरखर तेवढी अधिक बारकाईने साठवली जाईल!

नव्या, उत्तम ध्वनिमुद्रणांचे काय? अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत श्रोत्यांना हाय-रेझ डिस्कचा आवाज आणि तोच सीडीच्या दर्जावर उतरवलेला आवाज वेगळा ओळखता आला नाही. पन्नास टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर, म्हणजे छापा-काटाच. सोमाटणे फाट्यावरच्या वाहतुकीत इअरफोन लावून ऐकणाऱ्याने तर हा खर्च विसरावा.

जुन्या गाण्यात खरा फरक करतो तो मूळ तबकडीची अवस्था, योग्य सुई, अचूक गती आणि खरखर काढणाऱ्याचा हात. गती चुकली तर केसरबाईंची पट्टीच बदलते. खरखर अति पुसली तर आवाजाची धारही जाते. त्यामुळे आवृत्ती घेताना बिट बघण्याआधी ती कोणत्या तबकडीवरून, कोणी उतरवली ते बघा.

अंतराळातली तबकडी

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. जास्त संगीत मावावे म्हणून ही तबकडी मिनिटाला अवघ्या १६⅔ फेऱ्यांच्या गतीची केली. त्यासाठी ध्वनीच्या दर्जात तडजोड केली गेली. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केले. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.