पेटंट नको म्हणणारे जगदीशचंद्र

आचार्य जगदीशचंद्र बोस यांना आपली मुले ओळखतात ती वनस्पतींवरील प्रयोगांमुळे. आज आम्ही त्यांची दुसरी बाजू सांगणार आहोत.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून पगार गोऱ्यांहून कमी! जगदीशचंद्रांनी तीन वर्षे शिकवले, पण तो पगार घेतला नाही. अखेर सरकारने मागील सर्व रक्कम पूर्ण दराने चुकती केली. आम्हां शिक्षकांना ही हकीकत फार प्रिय आहे.

कॉलेजातल्या चिमुकल्या खोलीत, गावच्या कारागिराकडून उपकरणे करवून घेऊन त्यांनी विद्युत्-लहरींचा अभ्यास केला. या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा त्यांनी वाजवून दाखवली. लहरी टिपणारे लोखंड व पाऱ्याचे उपकरण त्यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे उघडपणे मांडले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनींनी अटलांटिकपारचा संदेश टिपला तो याच जातीच्या उपकरणाने, आणि त्याच्या पेटंटासाठी अर्जही केला होता.

पेटंट म्हणजे ठरावीक वर्षे ती वस्तू इतरांनी बनवू नये असा सरकारी हक्क. जे आधीच छापून प्रसिद्ध झाले, त्यावर असा हक्क कोणाला मिळू नये, हे कायद्याचे तत्त्व. परंतु त्या काळी ब्रिटनमध्ये कोणी हरकत घेतली तरच ते कामास येई. जगदीशचंद्रांनी घेतली नाही.

मे १९०१ मध्ये लंडनला व्याख्यानाआधी एका तारयंत्र कंपनीचे मालक त्यांच्याकडे आले. सगळे उघड करू नका, पेटंट आम्ही काढतो, नफा वाटून घेऊ, अशी त्यांची विनवणी होती. जगदीशचंद्रांनी साफ नकार दिला व ही गोष्ट रवींद्रनाथांना पत्राने कळवली. पुढे अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी फार आग्रह धरला, तेव्हा गॅलीना खनिजाच्या स्फटिकाचा लहरीग्राहक त्यांनी नोंदवू दिला. २९ मार्च १९०४ रोजी अमेरिकेत ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यापासून त्यांनी पैसा केला नाही.

१९१७ मध्ये कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था उघडताना, येथील शोधांवर पेटंट घ्यायचे नाही, असे त्यांनी जाहीर केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

आज यंत्रांचे नकाशे सर्वांना खुले ठेवणारे अभियंते जगभर आहेत. त्यांना जगदीशचंद्र आपलेच वाटतील. पण आम्हांला त्या दोन बायांचा आग्रहही चुकीचा वाटत नाही. अर्धवाहक उपकरणांच्या इतिहासात जगदीशचंद्रांचे नाव आरंभीच घेतात, ते त्याच कागदावरून.