हेलन केलर : पदवीपर्यंतची वाट

दृष्टी आणि श्रवणशक्ती या दोन्हींना मुकलेल्या हेलन केलर यांनी 1904 मध्ये अमेरिकेतील रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी गुणवत्तेच्या सन्मानासह संपादन केली. अंध आणि बधिर असूनही कला शाखेची पदवी मिळवणाऱ्या त्या जगातील पहिल्या व्यक्ती होत.

हेलन यांचा जन्म 27 जून 1880 रोजी अलाबामा राज्यातील टस्कम्बिया येथे झाला. एकोणीस महिन्यांच्या असताना आलेल्या आजारपणात त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती गेली. 3 मार्च 1887 रोजी अ‍ॅन सलिव्हन त्यांच्या शिक्षिका म्हणून घरी आल्या. तळहातावर बोटांनी अक्षरे रेखून त्यांनी हेलन यांना भाषा शिकवली. सलिव्हन यांची स्वतःची दृष्टीही अधू होती.

महाविद्यालयात जाण्याचा निर्धार हेलन यांनी बालपणीच केला होता. त्यासाठी 1896 मध्ये त्यांनी केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत प्रवेश घेतला. 1897 च्या प्राथमिक प्रवेश परीक्षेत शाळेच्या प्राचार्यांनी प्रश्नपत्रिका त्यांच्या तळहातावर अक्षरांनी सांगितल्या आणि हेलन यांनी टंकलेखन यंत्रावर उत्तरे लिहिली. त्या सर्व विषयांत उत्तीर्ण झाल्या.

खरी कसोटी लागली ती 29 व 30 जून 1899 रोजी झालेल्या अंतिम प्रवेश परीक्षेत. प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्याची अनुमती सलिव्हन यांना देण्यात आली नाही. एका अपरिचित व्यक्तीने त्या ब्रेल लिपीत उतरवून दिल्या. भाषा विषयांत त्यामुळे अडचण आली नाही. बीजगणिताची चिन्हे मात्र अमेरिकन ब्रेल पद्धतीची होती आणि हेलन यांना इंग्लिश पद्धतीची सवय होती. परीक्षेला अवघे दोन दिवस उरले असताना ही बाब त्यांच्या लक्षात आली. चिन्हांचा तक्ता मागवून त्यांनी ती आत्मसात केली आणि परीक्षा उत्तीर्ण केली. विषयाचे ज्ञान असूनही केवळ परीक्षापद्धतीमुळे त्यांचा प्रवेश हुकण्याचा धोका होता.

1900 मध्ये त्यांनी रॅडक्लिफमध्ये प्रवेश घेतला. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी लेखक मार्क ट्वेन यांच्या शब्दावरून उद्योगपती हेन्री रॉजर्स यांनी साहाय्य केले. अनेक पाठ्यपुस्तके ब्रेल लिपीत उपलब्ध नव्हती. वर्गातील व्याख्याने आणि ही पुस्तके सलिव्हन तळहातावर अक्षरे रेखून त्यांच्यापर्यंत पोहोचवत. व्याख्यान सुरू असताना हात गुंतलेले असल्याने टिपणे घेणे अशक्य होते. घरी परतल्यावर जेवढे स्मरणात असेल, तेवढेच त्या लिहून काढत. विद्यार्थिदशेतच, 1903 मध्ये, त्यांचे आत्मचरित्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पदवी हेलन यांना मिळाली. चार वर्षे प्रत्येक वर्गात शेजारी बसलेल्या सलिव्हन यांना मात्र नाही.

पुढील आयुष्य हेलन यांनी अंध व बधिर व्यक्तींच्या शिक्षण आणि रोजगारासाठी वेचले. 1955 मध्ये त्यांनी भारतालाही भेट दिली. 1 जून 1968 रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी निदान 5 टक्के जागा राखीव आहेत. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूदही याच कायद्यात आहे. हेलन यांना व्यक्तिगत मेहनतीने आणि इतरांच्या सद्भावनेने जे मिळवावे लागले, ते आज विद्यार्थ्यांना हक्क म्हणून मागता येते.